गळक्या सिस्टिमचे आकडे गोल का फिरतात

क्वांटम मेकॅनिक्सच्या कुठल्याही कोर्समध्ये पहिल्या काही लेक्चरमध्येच एक वाक्य येतं, हॅमिल्टोनियन (सिस्टिमच्या एनर्जी जिच्यातून निघतात ती मॅट्रिक्स) हर्मिशियन असतो (म्हणजे उभ्या-आडव्या ओळी अदलाबदल करून इमॅजिनरी भागांची चिन्हं उलटवली तरी तसाच राहतो) म्हणून एनर्जी रिअल असते, आणि ते वाक्य वहीत चौकट करून लिहिलं जातं आणि मग त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. बघायची गरजही पडत नाही म्हणा, कारण पेपरात येणारे सगळे प्रॉब्लेम बंद डब्यातले असतात. पार्टिकल डब्यात, भिंती अनंत उंच, आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही, एकूण प्रोबॅबिलिटी कायम १. अशा सिस्टिमच्या एनर्जी म्हणजे एका सरळ रेषेवर मांडलेले ठिपके, बास.

पण खरी सिस्टिम अशी असते कुठे? अणू फोटॉन सोडतो, लेसरच्या आरशातून प्रकाश निसटतो, पेंडुलमला हवा अडवते, न्यूक्लियस फुटतो. जॉर्ज गॅमोने १९२८ मध्ये अल्फा डिकेचं गणित केलं तेव्हा त्याने एनर्जीला सरळ एक इमॅजिनरी भाग जोडून टाकला, आणि त्याचा अर्थ अगदी साधा आहे, रिअल भाग सांगतो स्टेट किती फ्रिक्वेन्सीने हलते आणि इमॅजिनरी भाग सांगतो ती किती वेगाने विरते, किंवा बाहेरून एनर्जी मिळत असेल तर किती वेगाने फुगते. पुढे हर्मन फेशबॅकने न्यूक्लियर रिअॅक्शन्ससाठी हे नीट मांडलं, की मोठ्या बंद जगातला एक छोटा तुकडा तुम्ही उचललात आणि बाकीचं जग हिशोबातून काढून टाकलंत, तर त्या तुकड्यापुरता जो हॅमिल्टोनियन उरतो तो हर्मिशियन राहत नाही. म्हणजे नॉन-हर्मिशियन असणं हे काही विचित्र विश्वाचं लक्षण नाही, आपण कुठवर बघायचं ठरवलं त्याची ती खूण आहे.

तरी कितीतरी दशकं या इमॅजिनरी भागाला वागणूक मिळाली ती करेक्शनची. आधी स्वच्छ प्रॉब्लेम सोडवा, मग शेवटी थोडं डॅम्पिंग घाला, स्पेक्ट्रममधली लाइन थोडी जाड होईल, काम झालं. मला ही सवय आता खटकते, कारण गळती आली की आकडे नुसते थोडे बदलत नाहीत, आकडे राहतात ती जागाच बदलते. रेषा होती तिथे प्लेन येतं, रिअल भाग आडवा आणि इमॅजिनरी भाग उभा मांडलेलं कॉम्प्लेक्स प्लेन. आणि रेषेवर तुम्हाला कशाच्याही भोवती चक्कर मारता येत नाही, प्लेनमध्ये मारता येते. नॉन-हर्मिशियन टोपोलॉजी (टोपोलॉजी म्हणजे किती फेऱ्या, किती पीळ अशा, ओढून-ताणून न बदलणाऱ्या गोष्टींचं गणित) नावाचा जो अख्खा विषय गेल्या काही वर्षांत उभा राहिला त्याच्या मुळाशी मला तरी एवढंच दिसतं.

टोपोलॉजी फिजिक्समध्ये आधीपासून होतीच. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंगला हॉल इफेक्टमध्ये (मॅग्नेटिक फिल्डमध्ये करंटच्या आडव्या दिशेला व्होल्टेज येतं तो) कंडक्टन्स पूर्णांकांच्या पायऱ्यांनी वाढताना दिसला, १९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी दाखवलं की तो पूर्णांक हा टोपोलॉजीचा आकडा आहे, आणि २०१६ चं नोबेल थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना मिळालं. पण तिथे पीळ असतो तो वेव्हफंक्शनमध्ये. मोमेंटम बदलत नेला की आयगेनव्हेक्टर (एकेका ठरलेल्या एनर्जीची स्टेट) कसे वळतात, त्यांनी पूर्ण फेरी मारली की नाही, हे मोजायचं. एनर्जीला त्या नाटकात काम एकच, गॅप (एनर्जीच्या दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा) उघडी ठेवणं. नॉन-हर्मिशियन सिस्टिममध्ये मात्र एनर्जीचे आकडे स्वतःच वळसे घेतात, वेव्हफंक्शनकडे न बघता नुसता स्पेक्ट्रम, म्हणजे सगळ्या एनर्जींची यादी, काढला तरी त्यात एक पूर्णांक लपलेला असतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना, म्हणून मग मी सगळ्यात सोपं मॉडेल घेऊन बसलो.

ते मॉडेल नाओमिची हातानो आणि डेव्हिड नेल्सन यांचं, १९९६ चं. त्यांना टोपोलॉजीशी देणंघेणं नव्हतं, ते सुपरकंडक्टरमध्ये अडकलेल्या व्हॉर्टेक्स लाइन्सचा (आत शिरलेल्या मॅग्नेटिक फिल्डच्या बारीक नळ्यांचा) विचार करत होते, मॅग्नेटिक फिल्ड तिरकं केलं की त्या लाइन्स अडकलेल्या जागांवरून सुटतात का वगैरे. त्यातून जे मॉडेल निघालं ते इतकं साधं आहे की खोड काढावीशी वाटते. घरांची एक लांब साखळी घ्या. पार्टिकल एका घरातून उजवीकडच्या घरात जातो २ या ताकदीने, डावीकडे जातो अर्ध्या ताकदीने. जाण्याची आणि येण्याची ताकद वेगळी, म्हणून मॅट्रिक्स हर्मिशियन नाही. संपलं मॉडेल.

आता साखळीची दोन टोकं जोडून रिंग करा आणि एनर्जी काढा. मोमेंटम शून्यापासून दोन पायपर्यंत फिरवला की एनर्जी कॉम्प्लेक्स प्लेनमध्ये एक एलिप्स काढते, रिअल दिशेने अर्धा अक्ष २.५, इमॅजिनरी दिशेने १.५. एलिप्सच्या आत कुठलाही एक बिंदू धरा आणि विचारा, एनर्जीने याच्याभोवती किती फेऱ्या मारल्या? एक. उजवी-डावी ताकद अदलाबदल करा, फेरी उलटी होते, उणे एक. हाच तो वाइंडिंग नंबर. दोन्ही ताकदी सारख्या केल्या तर एलिप्स चपटा होऊन रेषा होतो, एनर्जी त्या रेषेवरून जाते आणि त्याच वाटेने परत येते, आत घेरलेलं काहीच नाही, नंबर शून्य. हर्मिशियन जगात एकटा बँड (मोमेंटम फिरवताना एनर्जी ज्यात फिरते तो एक पट्टा) असा कधीच पीळ खात नाही, निदान दोन बँड आणि त्यांच्यामधली गॅप लागते. इथे एकच बँड पुरतो.

इथपर्यंत ठीक, सुंदर वगैरे आहे. पण आता ती रिंग एका जागी कापा. फक्त एक जोड तोडायचा, हजार घरांची रिंग असेल तर हजारातला एक. आपली नेहमीची समजूत अशी की एवढ्या मोठ्या सिस्टिममध्ये टोकाला काय केलं याने स्पेक्ट्रमला काही फरक पडत नाही, टोकाजवळ एखाददुसरी स्टेट इकडेतिकडे होईल फारतर. सॉलिड स्टेट फिजिक्सचं अर्धं गणित याच भरवशावर चालतं, सोयीसाठी पिरियॉडिक बाउंडरी घ्या, म्हणजे टोकं जोडलेली धरा, आणि पुढे जा. इथे मात्र एक जोड तोडला आणि अख्खा एलिप्स गायब. सगळ्या एनर्जी रिअल होतात आणि उणे २ ते अधिक २ यांच्यामध्ये येऊन बसतात. हे उणे २ आणि अधिक २ म्हणजे नेमके त्या एलिप्सचे दोन फोकस आहेत (२.५ चा वर्ग वजा १.५ चा वर्ग, करून बघा, ४ येतात, म्हणजे २ चा वर्ग). कुठलीही ताकद घ्या, हे असंच होतं, कापलेल्या साखळीचा स्पेक्ट्रम रिंगच्या एलिप्सच्या दोन फोकसच्या मधल्या रेषेवर. शाळेत कॉनिक सेक्शन शिकताना फोकसचा एवढा उपयोग होईल असं कोणी सांगितलं असतं तर लक्ष देऊन शिकलो असतो.

आणि स्टेट्स? त्या सगळ्या, एकूण एक, उजव्या टोकाला जाऊन गोळा होतात. प्रत्येक घराला अँप्लिट्यूड साधारण दुप्पट, म्हणजे वीस घरं गेल्यावर दहा लाखांपट. मधल्या भागात कोणी राहतच नाही. याला नॉन-हर्मिशियन स्किन इफेक्ट म्हणतात (वायरमध्ये एसी करंट पृष्ठभागावरून वाहतो तो स्किन इफेक्ट वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही). हे नाव शुन्यू याओ आणि झोंग वांग यांच्या २०१८ च्या पेपरमधून रूढ झालं. त्याआधी दोन-तीन वर्षं गोंधळ चालला होता, रिंगवर काढलेला टोपोलॉजिकल नंबर एक सांगतो आणि कापलेल्या साखळीच्या टोकांना स्टेट्स मोजल्या तर जुळतच नाहीत, म्हणजे बल्क (मधला भाग) आणि बाउंडरी (टोकं) यांचं जे नातं टोपोलॉजिकल फिजिक्सचा कणा मानलं जातं तेच मोडलं की काय. याओ आणि वांग यांनी म्हटलं, मोमेंटमच कॉम्प्लेक्स करा, ज्याच्यात प्रत्येक घराला वाढत जाणं आधीच धरलेलं आहे, आणि मग नंबर काढा, जुळतो. आणि २०२० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की रिंगच्या स्पेक्ट्रमने प्लेनमध्ये काही जागा घेरली असेल, म्हणजे वाइंडिंग शून्य नसेल, तर कापल्यावर स्किन इफेक्ट येणारच. एलिप्स आणि टोकाची गर्दी ही एकाच गोष्टीची दोन रूपं.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती नाजूकपणाची. कापलेल्या साखळीची पन्नास घरं घ्या आणि शेवटच्या घरातून पहिल्या घरात जाणारा एक अतिशय बारीक जोड घाला, दहाचा उणे पंधरावा घात एवढ्या ताकदीचा. कुठल्याही प्रयोगात हा आकडा शून्यच धरला जाईल. पण फेरी मारून आलेल्या लाटेला प्रत्येक घराने दुप्पट केलेलं असतं, पन्नास घरांत तो बारीक जोड सुजून एकच्या आसपास येतो आणि रिअल असलेला स्पेक्ट्रम प्लेनमध्ये पसरायला लागतो. योगायोग असा की कॉम्प्युटरची साधी डबल प्रिसिजन साधारण इथेच संपते, त्यामुळे लांब साखळीच्या एनर्जी काही काळजी न घेता काढायला गेलं तर राउंडिंगचा कचरासुद्धा खऱ्या जोडासारखा वागू शकतो आणि स्क्रीनवर चक्क गोल आकार दिसतो, जिथे गणिताने सरळ रेषा सांगितलेली असते. गणितवाल्यांना हे जुनंच आहे, ते याला स्यूडोस्पेक्ट्रम म्हणतात आणि म्हणतात की अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूवर (इथे त्याच एनर्जी) फार विश्वास ठेवूच नका. मग खरा स्पेक्ट्रम कोणता, रिंगचा की कापलेल्या साखळीचा? माझं मत असं झालंय की हा प्रश्नच हर्मिशियन सवयीतून आलेला आहे. एकाच पदार्थाचा एकच स्पेक्ट्रम असतो हे आपण गृहीत धरतो, आणि ते गृहीतक फक्त बंद डब्यात चालतं.

कागदावरच राहिलं असतं तर मी एवढा वेळ घातला नसता. पण २०२० हे एकच वर्ष बघा. रोस्टॉकमध्ये अलेक्झांडर स्झामाइटच्या गटाने फायबरच्या लूपमध्ये प्रकाशाचे पल्स असे फिरवले की कुठेही सोडा, ते सगळे एका ठरलेल्या सीमेवर येऊन जमतात. अॅम्स्टरडॅममध्ये छोट्या मोटर लावलेल्या दांड्यांची साखळी बनवली, जी एका बाजूने ढकलली तर एक वागते आणि दुसऱ्या बाजूने ढकलली तर वेगळंच. वुर्झबर्गवाल्यांनी इलेक्ट्रिकल सर्किटवर केलं. म्हणजे याला क्वांटमचीसुद्धा गरज नाही, लाट असली आणि एनर्जी आत-बाहेर करायची सोय असली की झालं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डला शानहुइ फॅनच्या गटाने ऑप्टिकल रिंग रेझोनेटरमध्ये एकच बँड घेऊन त्याला प्लेनमध्ये हवे तसे वळसे घ्यायला लावले आणि ते वळसे सरळ मोजून दाखवले.

(थिअरीवाल्यांनी दरम्यान वर्गीकरण करून टाकलं, हर्मिशियन जगात सिमेट्रीचे १० वर्ग होते, कावाबाता आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या पेपरमध्ये ते ३८ झाले. त्या टेबलाकडे मी आदराने बघतो आणि पान उलटतो.)

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या मते जास्त खोल आहे. दोन रेझोनेटर (आपापल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने हलणाऱ्या वस्तू) घ्या, एकसारखे, एकमेकांना जोडलेले, एकात गळती जास्त आणि दुसऱ्यात कमी. जोड घट्ट असेल तर दोन मोडच्या (मोड म्हणजे जोडीने हलण्याची एक ठरलेली पद्धत) फ्रिक्वेन्सी वेगळ्या आणि विरण्याचा वेग सारखा. जोड सैल असेल तर फ्रिक्वेन्सी सारखी आणि विरण्याचा वेग वेगळा. आणि मध्ये एक नेमका बिंदू असा येतो की दोन्ही आकडे एक होतात. एवढंच असतं तर त्याला डीजनरसी (नुसते आकडे जुळणं) म्हणून सोडून दिलं असतं, पण इथे आकड्यांबरोबर दोन आयगेनव्हेक्टरही एक होतात. दोन मोडच्या सिस्टिममध्ये एकच मोड उरतो. हर्मिशियन मॅट्रिक्सला हे जमतच नाही, तिचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना काटकोनात, आकडे जुळले तरी ते जुळत नाहीत. या बिंदूला एक्सेप्शनल पॉइंट म्हणतात, हे नाव गणितज्ञ तोसिओ कातोचं.

पण हा बिंदू हातात आला होता त्याच्या कितीतरी आधी, क्रिस्टलमध्ये. १९०२ मध्ये वोल्डेमार फोग्टने लिहून ठेवलं होतं की प्रकाश शोषणाऱ्या बायअॅक्सियल क्रिस्टलमध्ये (दोन ऑप्टिक अक्ष असलेल्या) काही खास दिशा अशा असतात जिथे प्रकाशाची एकच पोलरायझेशन (लाटेची हलण्याची तऱ्हा, सरळ रेषेत की वर्तुळात) बदल न होता जाऊ शकते. आणि १९५५ मध्ये बंगळुरात, रामन यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, एस. पंचरत्नम या जेमतेम विशीतल्या मुलाने त्या दिशा बारकाईने तपासल्या. साध्या पारदर्शक क्रिस्टलमध्ये प्रत्येक दिशेला दोन पोलरायझेशन, एकमेकांना काटकोनातल्या, आपापल्या वेगाने जातात, हर्मिशियन गणितासारखंच. क्रिस्टल शोषायला लागला की प्रत्येक ऑप्टिक अक्षाचे (ज्या दिशेला दोघींचा वेग सारखा असतो तिचे) दोन अक्ष होतात आणि त्यांच्यावर दोन पोलरायझेशन मिळून एक होऊन जाते, वर्तुळाकार. उलट्या वर्तुळाची पोलरायझेशन मुद्दाम आत सोडली तर? ती तशीच टिकत नाही, वळत वळत त्या एकुलत्या एक मोडकडे जाते. पंचरत्नम यांचं नाव आज घेतलं जातं ते १९५६ च्या जिऑमेट्रिक फेजसाठी (फेरी मारून मूळ जागी आल्यावर लाटेत उरणारा जादा सरकाव), मायकेल बेरीने १९८४ मध्ये स्वतःची फेज मांडल्यानंतर ते काम नव्याने उजेडात आलं. शोषणाऱ्या क्रिस्टलचं काम त्यामानाने अजून सावलीत आहे, आणि मला वाटतं आजच्या भाषेत ते एक्सेप्शनल पॉइंटवरचे प्रयोग होते असं ठणकावून सांगायला हवं. १९६९ मध्ये ते गेले तेव्हा पस्तिशीतच होते.

तर या बिंदूजवळ आकडे कसे वागतात? वर्गमुळासारखे. आणि कॉम्प्लेक्स आकड्याच्या वर्गमुळाची खोड माहीत असेलच, शून्याभोवती एक फेरी मारून परत आलात तर वर्गमुळाचं चिन्ह बदललेलं असतं. म्हणजे दोन पॅरामीटर असे फिरवले की एक्सेप्शनल पॉइंटला वळसा पडेल, तर फेरी संपल्यावर पॅरामीटर जिथल्या तिथे पण पहिली एनर्जी दुसरीच्या जागी आणि दुसरी पहिलीच्या. दोन फेऱ्या मारा, एनर्जी परत येतात, पण स्टेटचं चिन्ह उलटं. मूळ जागी यायला चार फेऱ्या. डार्मस्टाटच्या गटाने २००१ मध्ये मायक्रोवेव्ह कॅव्हिटीत हे मोजलंसुद्धा.

वर्गमुळाचा दुसरा मोह सेन्सरवाल्यांना पडला. बिंदूवरून सिस्टिमला दहा हजारातला एक एवढा धक्का दिला तर फ्रिक्वेन्सीतला फरक शंभरातला एक, मग काय, अतिसूक्ष्म कण ओळखा, फिरण्याचा वेग मोजा. २०१७ मध्ये नेचरमध्ये दोन प्रयोग आले आणि गाजले. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की सिग्नल वाढतो तसा नॉइज नाही का वाढत? वाढतो, कारण आयगेनव्हेक्टर एकमेकांवर लवंडलेले असतात. २०२० मध्ये कॅलटेकमध्ये लेसर जायरोस्कोपवर मोजलं तेव्हा नॉइजने सिग्नलची सगळी कमाई खाऊन टाकलेली निघाली. वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण मी तरी या सेन्सरांच्या जाहिराती सावधपणे वाचतो.

दोन एनर्जी जागा बदलतात म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो, तीन असतील तर? मोमेंटम किंवा एखादा पॅरामीटर उभ्या दिशेने धरा आणि प्रत्येक उंचीवर कॉम्प्लेक्स प्लेनमध्ये तीन ठिपके मांडत जा, तर ठिपक्यांच्या वाटा केसांच्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफतात. आणि तीन पेडांच्या वेणीत आधी डावा पेड मधल्यावरून घेतला की आधी उजवा, याने वेणी बदलते. दोन पेडांत हा प्रश्नच नाही, तिथे किती पीळ एवढंच मोजायचं. दोन पेडांचंही वरचं टोक खालच्या टोकाला जोडलं की गाठी तयार होतात, एका पिळाची साधी रिंग, दोन पिळांच्या एकमेकींत अडकलेल्या दोन रिंगा, तीन पिळांची ट्रेफॉइल (तीन पाकळ्यांसारखी दिसणारी साधी गाठ), आणि हे सगळं फॅनच्याच गटाने २०२१ मध्ये दोन जोडलेल्या रेझोनेटरवर मोजून दाखवलं.

तीन मोडचं काम येलमध्ये जॅक हॅरिसच्या गटाने केलं, २०२२ मध्ये छापून आलं. एक पातळ मेम्ब्रेन, तिच्या थरथरण्याचे तीन मोड, आणि लेसरने त्यांच्या फ्रिक्वेन्सी आणि डॅम्पिंग हवं तसं ढकलायचं. तीन आयगेनव्हॅल्यू म्हणजे एका क्यूबिक समीकरणाची तीन उत्तरं. सरासरी वजा केली की क्यूबिकमध्ये फक्त दोन कॉम्प्लेक्स आकडे उरतात, पी आणि क्यू, आणि दोन उत्तरं एक होण्याची अट आपल्याला माहीत असलेलीच, ४ गुणिले पीचा घन अधिक २७ गुणिले क्यूचा वर्ग बरोबर शून्य. दोन कॉम्प्लेक्स म्हणजे चार रिअल आकडे. त्या चार मितींच्या जागेत मूळ बिंदूभोवती एक गोल पृष्ठभाग घ्या, तीन मितींचा, आणि त्यावर ही अट कुठे पाळली जाते ते आखा. ट्रेफॉइल गाठ निघते. हे गणितात फार पूर्वीपासून माहीत होतं, पण यांनी मेम्ब्रेनच्या फ्रिक्वेन्सी मोजून मोजून ती गाठ बिंदू-बिंदूने उभी केली. मग त्या गाठीला वेगवेगळ्या बाजूंनी वळसे घालून दाखवलं की आधी हा वळसा मग तो, आणि आधी तो मग हा, यांनी वेगळ्या वेण्या तयार होतात.

एक मेख मात्र यात आहे. या वेण्या मोजल्या जातात त्या एकेका जागी थांबून, स्पेक्ट्रम घेऊन, मग पुढच्या जागी जाऊन. सिस्टिम चालू ठेवून पॅरामीटर खरंच हळूहळू फिरवले तर काय होतं हे २०१६ मध्ये दोन प्रयोगांनी दाखवलं होतं, एक मायक्रोवेव्हच्या वेव्हगाइडमध्ये आणि एक याच हॅरिसच्या मेम्ब्रेनवर. तिथे अदलाबदल दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. जी स्टेट जास्त गळते ती वाटेतच इतकी क्षीण होते की दुसरीचा बारीकसा अंश तिच्यावर मात करतो आणि सिस्टिम उडी मारते, त्यामुळे शेवटी कुठल्या मोडमध्ये पोचणार हे सुरुवात कुठून केली यावर ठरत नाही, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की उलट्या, त्यावर ठरतं. जितकं सावकाश फिरवाल तितकी ही उडी पक्की, आणि फार घाईने फिरवलं तर पॅरामीटर हलल्याची स्टेटला दखलच नाही. या दोन्हीच्या मधला एखादा वेग असा सापडतो का की जिथे तीन मोडची वेणी जशी कागदावर आहे तशी पार पडेल, हे मला आता समजून घ्यायचंय, त्यामुळे सध्या टेबलावर वेगाच्या गणिताचे पेपर पडलेत आणि एलिप्सवाली वही खाली गेली आहे.